लिहिण्यास कारण की…

'ताई, मी बार्शीचा. बी.कॉम. झालोय, इथल्याच एका सीए सरांच्या ऑफिसात तीन वर्षं काम केलं. वडिलांच्या बायपासमुळे गेले पाच महिने घरी आहे. आता पुण्याकडे, चाकण-तळेगाव-रांजणगाव पट्ट्यात एखाद्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये नोकरी हवी आहे. साठेक अर्ज पाठवले, प्रत्येकासोबत कव्हर लेटर जोडलं. दोनच फोन आले, तेही कन्सल्टन्सीचे. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं होतंय का? आणि खरं सांगा, हे पत्र कोणी वाचतं का?'

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर 'नाही' असेल तर बाकीचं लिहायचं कशाला?

मी तेवीस वर्षं एचआरमध्ये आहे. आधी भोसरीला, मग चाकणला, दोन्हीकडे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत. त्या अनुभवावरून सांगते: सगळी पत्रं वाचली जात नाहीत. नोकरीच्या पोर्टलवर एका क्लिकवर अर्ज टाकलात तर आमच्यासमोर येते ती यादी. अनुभव किती, शहर कोणतं, पगार किती, नोटिस पीरियड किती, यावर चाळणी लावायची आणि उरलेल्यांना फोन करायचा. तिथे पत्र उघडलंच जात नाही असं म्हटलं तरी चालेल. ऑपरेटर किंवा ट्रेनी यांची एकदम पन्नास-शंभर भरती असते तेव्हाही नाही. वॉक-इनला तर प्रश्नच नाही.

वाचलं जातं ते दोन ठिकाणी. एक, थेट कंपनीच्या ईमेलवर आलेला अर्ज, विशेषतः शे-दोनशे माणसांच्या कंपनीत. तिथे एचआर म्हणजे एखाद-दुसरं माणूस असतं आणि अकाउंट्सचा माणूस घ्यायचा तर अर्ज मालक किंवा अकाउंट्सचे साहेब स्वतः बघतात. दुसरं, काठावरचे अर्ज. म्हणजे बायोडेटा बघून हातातलं पेन थबकतं: माणूस बरा वाटतोय, पण… त्या 'पण'चं उत्तर पत्रात असेल तर फोन जातो, नसेल तर पुढचा अर्ज.

तुम्ही पूर्णपणे काठावरचे आहात. वाईट वाटून घेऊ नका. अनुभव सीए ऑफिसचा, कारखान्याचा नाही. गाव बार्शी, पुणे नाही. वर पाच महिन्यांचा खंड. म्हणजे तीन 'पण'. पिंपरीत राहणाऱ्या आणि कारखान्यातच चार वर्षं काढलेल्या मुलाला पत्राची फारशी गरज नाही, त्याचा बायोडेटाच बोलतो. तुम्हाला आहे.

आता तुमचं पत्र. इंग्रजीत आहे, मी ते जसंच्या तसं मराठीत उतरवते:

'आदरणीय सर/मॅडम, आपल्या नामांकित संस्थेत अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदासाठी अर्ज करताना मला अत्यंत आनंद होत आहे. मी एक मेहनती, प्रामाणिक आणि समर्पित व्यक्ती असून संघभावनेने काम करण्यावर माझा विश्वास आहे. माझ्याकडे उत्कृष्ट संवादकौशल्य आहे. संधी दिल्यास मी आपल्या संस्थेच्या प्रगतीत मोलाचे योगदान देईन. सोबत बायोडेटा जोडत आहे. आपल्या अनुकूल उत्तराच्या प्रतीक्षेत.'

उद्या एक करा. ज्या टपरीवर मित्रांबरोबर चहा पिता तिथे जा आणि त्यांच्यातल्या एकाला गंभीर चेहऱ्याने सांगा, 'मी एक मेहनती, प्रामाणिक आणि समर्पित व्यक्ती आहे.' तो कपाळाला हात लावून ताप बघेल. इंग्रजीत हेच वाक्य लिहिताना तुम्हाला हसू आलं नाही, कारण ते आपण शाळा-कॉलेजात पाठ केलेलं असतं. पाठ केलेलं वाक्य आपल्याला ऐकूच येत नाही. आणि मलाही येत नाही, हे महत्त्वाचं. वाचताना डोळा त्यावरून घसरून सरळ खाली सहीवर जातो.

तेव्हा इंग्रजी कच्चं आहे ही तुमची अडचण नाही. तुमचं इंग्रजी व्याकरणाने ठीक आहे. अडचण अशी की या पत्रात बार्शीचा माणूसच नाही. खालचं नाव बदललं की तेच पत्र नर्सला चालेल, सिव्हिल इंजिनिअरला चालेल, बँकेच्या शिपायालाही चालेल.

माझे आजोबा पोस्टकार्ड लिहायचे. मायना, सा. न. वि. वि., आणि लगेच 'पत्र लिहिण्यास कारण की'. त्यानंतर जे यायचं ते सरळ असायचं: विहिरीचं पाणी खाली गेलंय, मोटर बदलावी लागेल, जमेल तसे पैसे पाठव. कार्डावर जागाच तेवढी. नोकरीचं पत्र म्हणजे तेच 'लिहिण्यास कारण की' आहे. तुम्ही हे पत्र आम्हालाच का लिहिताय आणि आम्ही ते पूर्ण का वाचावं, एवढंच त्यात असायला हवं.

म्हणून माझी पद्धत अशी. पत्र आधी मराठीत लिहायचं, तेही वहीच्या पानावर, हाताने. पहिली ओळ 'लिहिण्यास कारण की' अशीच धरायची, नंतर ती खोडता येते. लिहून झालं की मोठ्याने वाचायचं. जे वाक्य मामाला किंवा मावशीला तोंडावर सांगताना लाज वाटेल ते काढायचं. उरेल ते साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत न्यायचं. मी हे अनेक मुलांकडून करून घेतलंय. पहिल्या खेपेला बहुतेकांच्या पानावर दोनच ओळी उरतात आणि ते घाबरतात. घाबरायचं नाही. त्या दोन ओळी खऱ्या असतात, बाकीच्या खणून काढायच्या.

खणायचं कसं? मी तुम्हाला उलट तीन प्रश्न विचारले होते. महिन्याच्या १० ते २० तारखेदरम्यान तुमचा दिवस कसा जायचा? दुसऱ्या कोणाच्या लक्षात न आलेलं काही तुमच्या लक्षात कधी आलं? आणि सर ऑफिसात नसताना कोणतं काम तुमच्यावर सोपवून जायचे?

तुमची उत्तरं वाचून मी खुर्चीत सरळ बसले. चौदा व्यापाऱ्यांचं मासिक जीएसटी तुम्ही एकटे बघत होतात. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, १४ तारखेला २बी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांचा तक्ता, आलं की खरेदीची बिलं एकेक ताडून बघायची, जी दिसत नाहीत त्यांच्यासाठी पुरवठादारांना फोन करायचे, आणि २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न. एका पाइप-हार्डवेअरच्या ठोक व्यापाऱ्याचं सुमारे १ लाख ८० हजार रुपयांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, चार महिने दिसत नव्हतं. त्याच्या पुरवठादाराने बिलं मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या जीएसटी क्रमांकावर चढवली होती, हे तुम्ही शोधलंत आणि पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्त करून घेतलंत. १ जानेवारी २०२२ पासून २बीमध्ये दिसेल तेवढंच क्रेडिट घेता येतं, म्हणजे हे व्यापाऱ्याच्या खिशातले रोख पैसे होते. आणि सर बाहेरगावी ऑडिटला गेले की खात्याच्या नोटिसांच्या उत्तरांचा मसुदा तुम्ही करून ठेवायचात.

एवढं सगळं तुमच्या बायोडेटात एका ओळीत बसवलं होतं: 'जीएसटी रिटर्न फायलिंग.' आणि पत्रात तर तेवढंही नव्हतं, तिथे 'समर्पित व्यक्ती' होती.

हे झालं तुमच्या बाजूचं. आता समोरच्या बाजूचं, आणि इथे बहुतेक अर्जदार अभ्यासच करत नाहीत. तुम्ही मला चाकणच्या एका कंपनीची जाहिरात दाखवलीत. त्यात कामाची यादी अशी आहे: व्हेंडर रिकन्सिलिएशन (पुरवठादारांचे हिशेब आपल्या हिशेबाशी ताडणं), जीएसटी, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आवश्यक, सॅप (मोठ्या कंपन्यांतलं सॉफ्टवेअर) येत असल्यास प्राधान्य, मासिक एमआयएस (साहेबांना द्यायचे अहवाल). अनुभव २ ते ४ वर्षं. जाहिरात लिहिताना साहेब मला जे सगळ्यात आधी सांगतात ते त्यांचं दुखणं असतं. नंतरचं बरंचसं जुन्या जाहिरातीतून उतरवलेलं असतं. इथे पहिलं काय आहे? व्हेंडर रिकन्सिलिएशन.

सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत हे दुखणं का असतं ते सांगते. मी अकाउंट्सची नाही, पण इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या केबिनमध्ये बसून ऐकलंय. एक भाग तयार होताना तो चार ठिकाणी फिरतो. कटिंग एकाकडे, हीट ट्रीटमेंट दुसऱ्याकडे, प्लेटिंग तिसऱ्याकडे. भोसरी-चाकणच्या गल्ल्यांतले हे छोटे वर्कशॉपवाले. माल जॉबवर्कच्या चलनावर, म्हणजे बाहेरून काम करून घेण्यासाठी माल पाठवल्याच्या कागदावर, बाहेर जातो आणि जीएसटीच्या नियमाने कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो. त्यांच्या खतावणीत एक आकडा, आपल्या खतावणीत दुसरा. त्यात २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचा नियम आला: नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच मिळतो. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. मार्च जवळ आला की आमच्या अकाउंट्सचे लोक जेवायलाही उठत नाहीत ते यामुळे.

आता तुमच्याकडे बघा. तुम्ही तीन वर्षं केलंत ते हेच की! पुरवठादाराचं पुस्तक आणि आपलं पुस्तक ताडून बघणं, न जुळणाऱ्या बिलामागे फोन लावणं. ऑडिटच्या वेळी मुदत उलटलेल्या देण्यांच्या याद्याही केल्यात, असं तुम्हीच लिहिलंय. फक्त दुकान वेगळं होतं. पत्राचं काम हा दुवा दाखवण्याचं आहे, कारण बायोडेटा वाचणाऱ्याला तो आपोआप दिसत नाही. त्याला 'सीए ऑफिस' एवढंच दिसतं आणि तो मनात म्हणतो, याने रिटर्न भरलेत, कारखाना कुठे बघितलाय?

तुमच्या माहितीवरून केलेला मसुदा हा असा. मराठीतच ठेवते. इंग्रजी तुम्ही करा, वाक्यांची लांबी एवढीच ठेवा.

'विषय: अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, चाकण. ३ वर्षं जीएसटी व टॅली, आठवड्यात रुजू.

माननीय महोदय/महोदया,

आपल्या चाकणच्या कारखान्यातील अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदासाठी अर्ज करत आहे. जाहिरातीत व्हेंडर रिकन्सिलिएशन सर्वांत आधी लिहिले आहे. पुरवठादारांची बिले ताडून पाहणे हेच तीन वर्षे माझे मुख्य काम होते.

बार्शीतील एका सीए कार्यालयात मी १४ व्यापाऱ्यांचे मासिक जीएसटीचे काम एकट्याने पाहत होतो. खरेदीची बिले २बीशी ताडणे, न दिसणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांच्या मागे लागणे आणि २० तारखेच्या आत ३बी भरणे. एका व्यापाऱ्याचे सुमारे १ लाख ८० हजार रुपयांचे क्रेडिट चार महिने दिसत नव्हते. पुरवठादाराने बिले चुकीच्या जीएसटी क्रमांकावर चढवली होती. ते मी शोधले व दुरुस्त करून घेतले. ऑडिटच्या वेळी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या मुदत उलटलेल्या देण्यांची यादीही मी करत असे.

कारखान्यात आणि सॅपवर मी अजून काम केलेले नाही. जॉबवर्कची चलने मला शिकावी लागतील. टॅली प्राइम आणि एक्सेल रोजच्या वापरात होते.

वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेमुळे गेले पाच महिने मी घरी होतो. आता त्यांची प्रकृती चांगली आहे. चाकणला मावसभावाकडे माझी राहण्याची सोय आहे. निवड झाल्यास आठवड्यात रुजू होईन. माझ्या कामाबद्दल आधीच्या सरांशी बोलायचे असल्यास त्यांचा क्रमांक देतो.

बायोडेटा सोबत जोडला आहे.'

खाली नाव आणि मोबाइल. झालं. मोबाइलच्या पडद्यावर एक-दोनदा वर सरकवलं की संपतं.

यात तुम्हाला खटकेल ती तिसऱ्या परिच्छेदातली कबुली. 'येत नाही' असं स्वतःहून कशाला लिहायचं? मी लिहायला सांगते, कारण ते आम्हाला तसंही बायोडेटात दिसतंच. स्वतः सांगितलंत की दोन गोष्टी होतात. तुम्ही जाहिरात नीट वाचली हे कळतं, आणि वरच्या १ लाख ८० हजारांवर विश्वास बसतो. जो माणूस न येणारं 'येत नाही' म्हणतो त्याचं 'येतं' खरं असतं, असं आमचे अकाउंट्सचे साहेब म्हणायचे. मात्र कबुली दोन वाक्यांत संपवायची. 'तरीही मला संधी द्यावी, मी रात्रंदिवस मेहनत करून शिकेन' असा गळा काढायचा नाही. आणि जाहिरातीत सॅप 'आवश्यक' असतं, 'प्राधान्य' नसतं, तर तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

पाच महिन्यांच्या खंडाला दोन छोटी वाक्यं पुरतात. कारण आणि आत्ताची स्थिती. ऑपरेशन कुठे झालं, खर्च किती आला, तुम्ही एकुलते आहात का, यातलं काही नको. सहानुभूतीवर नोकरी मिळत नाही, आणि मिळाली तर ती टिकवताना जड जाते. पण खंड लपवूही नका. बायोडेटात महिने गाळून नुसती वर्षं लिहिण्याची युक्ती आम्ही सगळे ओळखतो.

मावसभावाच्या ओळीचं महत्त्व तुमच्या लक्षात आलं नसेल. बाहेरगावच्या मुलाला घेताना एचआरला खरी भीती कसली असते? तो रुजू होतो, खोली मिळत नाही किंवा भाडं ऐकून डोळे पांढरे होतात, मेसचं जेवण मानवत नाही, आणि पहिला पगार घेऊन घरी गेला की फोन बंद. माझ्या बाबतीत हे इतक्यांदा झालंय की मी मोजणं सोडलं. 'राहण्याची सोय आहे' हे तीन शब्द मला 'डायनॅमिक', 'सेल्फ मोटिव्हेटेड' वगैरे सगळ्यांपेक्षा मोलाचे वाटतात. सोय नसेल तर मात्र खोटं लिहू नका. 'रुजू होण्याआधी खोली पाहून ठेवेन' असं लिहा.

पगार? जाहिरातीत विचारला असेल तरच, आणि मग आकडा लिहा. 'कंपनीच्या नियमाप्रमाणे' हे उत्तर आम्हाला काहीच सांगत नाही.

मायन्याबद्दल मुलं उगाच फार विचार करतात. कंपनीच्या साइटवर अकाउंट्स प्रमुखांचं नाव खात्रीने मिळालं तर नावाने लिहा, नाहीतर इंग्रजीत साधं 'डिअर सर ऑर मॅडम' पुरे. मला तेवीस वर्षं 'रिस्पेक्टेड सर' म्हणूनच पत्रं येतात, त्यावरून मी कोणाला नाकारलेलं नाही. मात्र 'आय बेग टू स्टेट'सारखी भीक मागणारी इंग्रजी कुठूनही उचलू नका. नोकरी मागताय, माफी नाही.

पत्र वेगळी फाइल करून जोडू नका. ईमेल उघडल्यावर जे दिसतं तिथेच ते हवं. बहुतेक जण नुसतं 'प्लीज फाइंड अटॅच्ड' लिहितात आणि पत्र फाइलमध्ये बंद करून ठेवतात, ती दुसरी फाइल कोण उघडणार? बायोडेटा मात्र पीडीएफ, नाव तुमचं आणि पदाचं. 'न्यू रेझ्युमे फायनल २' अशा नावाच्या फाइली माझ्या संगणकावर पन्नास पडल्यात, त्यातली तुमची कुठली? ईमेलचा पत्ताही बघून घ्या. कॉलेजात असताना 'रॉयल', 'किंग', 'लव्हर' घालून बनवलेला असेल तर नवा काढा, फुकट मिळतो.

छोट्या कंपन्या हल्ली जाहिरातीत व्हॉट्सॲप क्रमांकच देतात. तिथे 'हाय' पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. एकाच संदेशात चार ओळी: कोण, कोणत्या पदासाठी, तुमचं सगळ्यात जवळचं काम, कधी रुजू होऊ शकता. आणि खाली बायोडेटा.

कंपनीचं नाव पत्रात जास्तीत जास्त एकदा येऊ द्या. हे मी ठेच खाऊन शिकले. पहिली नोकरी शोधताना मी एक पत्र घोटून घोटून लिहिलं होतं आणि नाव बदलून सगळीकडे पाठवत होते. एका कंपनीतून फोन आला. पलीकडचे गृहस्थ अगदी सभ्यपणे म्हणाले, 'मॅडम, पत्र चांगलं आहे, पण तिसऱ्या परिच्छेदात तुम्हाला ज्या कंपनीत काम करण्याची फार दिवसांपासून इच्छा आहे, ती आमची नाही.' मी फोन ठेवला आणि बराच वेळ कोणाशी बोलले नाही.

चॅटजीपीटीचं विचाराल म्हणून सांगून टाकते. वापरा, इंग्रजी दुरुस्तीला फार उपयोगी आहे. तुमचा मराठी मसुदा द्या आणि साध्या इंग्रजीत करून घ्या. पण 'अकाउंट्सच्या नोकरीसाठी पत्र लिहून दे' एवढंच सांगितलंत तर जे मिळेल तेच बाकीच्यांनाही मिळणार आहे. पूर्वी सफाईदार इंग्रजी पत्र आलं की आम्ही दोन मिनिटं थांबायचो. आता सगळीच सफाईदार असतात, तेव्हा डोळा शोधतो तो आकडा, गाव, काम. आणि ते यंत्र जे जोडेल ते तपासा. एका मुलाच्या पत्रात 'सॅपमध्ये प्रावीण्य' होतं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्यावर आला. तो बिचारा खरं बोलला, 'मॅडम, ते मी लिहिलेलं नाही.' हे पत्राच्या बचावाचं सगळ्यात वाईट उत्तर असावं.

अनुभवाच्या जागी दुसरं काही असेल तरी रीत हीच. एका बाईंचं पत्र मला अजून आठवतं. मुलांसाठी आठ वर्षं घरी होत्या, अर्ज होता आमच्या स्टोअर्स विभागासाठी. त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या १२८ घरांच्या सोसायटीचा देखभाल खर्च गोळा करण्याचं काम त्या चार वर्षं करत होत्या. थकबाकीदारांची यादी दर महिन्याला फळ्यावर लावायची की नाही यावर सभेत भांडण झालं, तेव्हा त्यांनी यादी न लावता घरोघरी जाऊन वसुली केली. स्टोअर्सच्या साहेबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, 'बोलवा. आपल्या सुपरवायझरांकडून गेजेस, म्हणजे मापाची साधनं, परत मागायला असंच माणूस पाहिजे.' फ्रेशर असाल तर प्रोजेक्टमध्ये तुमच्या वाट्याला आलेलं काम लिहा, गटाने काय केलं ते नको.

हे सगळं खासगी नोकरीसाठी. सरकारी भरतीत बहुधा ठरलेला ऑनलाइन अर्ज असतो, त्यात पत्राला जागाच नसते. आणि संस्थेच्या शाळा-कॉलेजांत अजून प्रति, विषय, संदर्भ, महोदय, आपला विश्वासू असा रीतसर मराठी अर्ज लागतो. तिथे ती चौकट पाळा, मजकूर वरच्यासारखाच ठेवा.

ते दोन कन्सल्टन्सीचे फोन: त्यांनी नोंदणी फी, ट्रेनिंगचे पैसे, लॅपटॉपचं डिपॉझिट असं काही मागितलं का? मागितलं असेल तर तो क्रमांक ब्लॉक करा. माणूस घेणारी कंपनी कन्सल्टन्सीला पैसे देते, उमेदवार देत नाही.

आता पुढे काय. त्या साठ कंपन्यांना पुन्हा पाठवू नका, निदान एकदम नाही. त्यातल्या दहा-बारा निवडा, ज्यांची जाहिरात अजून चालू आहे किंवा ज्यांचं काम तुमच्या कामाशी जुळतं. प्रत्येक पत्राचा पहिला परिच्छेद नव्याने लिहावा लागेल, दुसरा थोडा पुढे-मागे होईल, बाकीचा तोच राहू दे. पहिल्या पत्राला एक अख्खी संध्याकाळ जाईल, पाचव्याला अर्धा तास. पाठवल्यावर आठ दिवसांनी एकच फोन करा, सकाळी अकराच्या सुमाराला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नको. ७ तारखेच्या आत पगार करायचे असतात आणि तेव्हा एचआरचा माणूस सख्ख्या भावाशीही नीट बोलत नाही. अकाउंट्सच्या साहेबांना थेट फोन करणार असाल तर २० तारखेनंतर करा, का ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणखी एक. मुलाखतीत त्या १ लाख ८० हजारांबद्दल नक्की विचारतील. कसं शोधलंत ते सगळं सांगा, पण त्या पाइपवाल्या व्यापाऱ्याचं नाव पत्रातही घालू नका आणि तिथेही घेऊ नका. तो तुमच्या सरांचा क्लायंट आहे. समोरचे साहेब मुद्दाम नाव विचारून बघतात, मी शेजारी बसून पाहिलंय.